आप्पांची गोळी: पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितली, इकडे कोणी लिहून देईना

बोरीकाठचा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता डोकंच चालेना म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, वय ६८, अमळनेर तालुक्यात शेती, कपाशी आणि मका. शुगर आहे, बाकी माणूस ठणठणीत, वावरात चक्कर मारल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. तीनेक वर्षांपासून झोपेत बडबडायला लागले, आम्ही हसण्यावारी नेलं. मग ओरडणं सुरू झालं, मग हातपाय झाडणं. स्वप्न कायम एकच, मक्यात रानडुकरं घुसलीत आणि आप्पा त्यांना हाकलताहेत. हाड हाड करत अशी लाथ मारतात की बाज हलते. उठवलं की लगेच भानावर, आणि स्वप्न जसंच्या तसं सांगणार, "डुक्कर मना वावरमा घुसना व्हता."

यंदा पोळ्याच्या आदल्या रात्री आईच्या मनगटावर फटका बसला, काचेच्या बांगड्या फुटून तुकडे आत गेले, तीन टाके पडले. सकाळी आप्पांनी आईचा हात बघितला आणि दिवसभर जेवले नाहीत. ४२ वर्षांच्या संसारात या माणसाने आईवर हात उचललेला नाही हो.

शालक पुण्याला असतो, त्याने न्यूरोवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट काढली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने न्यायची हिंमत नव्हती, स्लीपरमध्ये शेजारच्याला लाथ बसली तर काय सांगणार, म्हणून दिवसाच्या एसटीने गेलो. डॉक्टर म्हणाले रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर. म्हणजे स्वप्न पडतं तेव्हा आपलं शरीर आतून लुळं पडतं म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी पलंगावरच राहतो, यांच्यात तो ब्रेक लागत नाही. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतं म्हणे. स्लीप स्टडी करायला सांगितली, तिची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, तेवढं थांबणं शक्य नव्हतं. तोवर क्लोनाझेपाम ०.२५ रात्री एक, १५ दिवस, आणि पुढे तुमच्याकडच्या फिजिशियनला दाखवून चालू ठेवा असं सांगितलं.

ते १५ दिवस आई निवांत झोपली. गोळ्या संपल्या आणि आमची वारी सुरू झाली. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत नाही. गावातले डॉक्टर म्हणाले हे माझं काम नाही. तालुक्याला एमडी आहेत त्यांच्याकडे दोन तास नंबर लावला, त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही, "झोपेची गोळी मी म्हाताऱ्या माणसाला देत नसतो, सवय लागते, मोबाइल कमी करायला सांगा." आप्पांकडे बटनाचा फोन आहे साहेब, त्यात टॉर्च सोडून काही नाही. तिसऱ्याने तर सरळ मनोविकारवाल्याकडे जा म्हणून हाकललं, आप्पा तिथून बाहेर आले ते घरी येईपर्यंत बोलले नाहीत. पुण्याला फोन केला तर ते म्हणतात पेशंट न बघता पुढचं लिहून देता येणार नाही, तेही बरोबरच असेल.

सगळ्यांना एकच ऐकू येतं, झोपेची गोळी. अरे आप्पांना झोपेचा काही त्रासच नाही! पडल्या पडल्या घोरायला लागतात. गोळी लाथांसाठी आहे. कोणाला असा अनुभव आलाय का? काय केलं तुम्ही?

---

भरीतपुरी | सोमवार, रात्री ११:४१

बाप रे. आईंचा हात कसा आहे आता? आधी त्यांची बाज वेगळी करा भाऊ, गोळीचं नंतर बघू.

---

तापीकिनारा | मंगळवार, सकाळी ६:५०

जिभाऊ, या अंग्रेजी गोळ्यांच्या नादी लागूच नका. जायफळ दुधात उगाळून द्या, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळा, आमचे आजोबा ९१ वर्ष जगले कधी गोळी खाल्ली नाही. आणि रात्री जेवणात वांगं बंद करा, वाताने असली स्वप्नं पडतात.

---

भरीतपुरी | मंगळवार, सकाळी ७:०५

खान्देशातल्या माणसाला वांगं बंद करायला सांगी राहिले! त्यापेक्षा डुकरं बरी.

---

शटर_अर्धं | मंगळवार, दुपारी २:१५

माझं शिरपूरला मेडिकल आहे, १९ वर्ष झाली. आमची बाजू पण ऐका जरा.

अल्प्राझोलाम, झोलपिडेम, नायट्राझेपाम ही झोपेच्या गोळ्यांची मंडळी शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या यादीत आहेत. मार्च २०१४ पासून या औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, आणि ते रजिस्टर तीन वर्ष जपायचं. क्लोनाझेपाम पण सायकोट्रॉपिकच्या, म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या यादीत आहेच, म्हणून आम्ही दुकानदार हा अख्खा गट एकाच डोळ्याने बघतो. त्यात आपला भाग कोणता? मालेगाव इथून किती लांब आहे? अल्प्राझोलामला तिकडे पोरं कुत्ता गोळी म्हणतात, नशेसाठी खातात, पोलिसांच्या धाडी पेपरात येतात. आपल्या दुकानातून एक पट्टी विनाचिठ्ठी गेली आणि ती भलत्या खिशात सापडली तर लायसन्स गेलंच समजा. त्यामुळे नवीन माणूस काउंटरवर येऊन क्लोनाझेपाम म्हणाला की आम्ही आधी "नाही" म्हणतो, मग विचार करतो. तुमच्या आप्पांचा काही दोष नाही यात, पण माझाही नाही.

आता कामाचं. चिठ्ठीवर डॉक्टरने परत देण्याबद्दल काही लिहिलं नसेल तर ती एकदाच चालते, नियमच आहे तसा. म्हणून जे कोणी लिहून देतील त्यांना तिथेच सांगा की साहेब, किती वेळा द्यायची आणि किती दिवसांनी ते कागदावर लिहा. पेशंटचं पूर्ण नाव पत्ता, तारीख, सही, एकूण गोळ्या किती. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो आणू नका, कागद आणा. आणि दरवेळी एकाच दुकानात जा, दुकानदाराला माणूस ओळखीचा झाला की निम्मं काम होतं.

---

पाटील_३०२ | मंगळवार, दुपारी ३:३०

एवढी झंझट कशाला, माझ्या काकांच्या उरलेल्या दोन पट्ट्या पडून आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करा, धुळ्याला येणारच आहे तर देतो.

---

शटर_अर्धं | मंगळवार, दुपारी ३:३४

भो, हे वाचून सोडून देतोय पण असं जाहीर लिहू नका. आणि करूही नका. तुमच्या काकांची पॉवर कोणती, त्यांना कशासाठी होती, काही माहीत आहे का? ०.२५ आणि २ च्या पट्ट्या दिसायला सारख्याच असतात.

---

निवृत्त_लोकोवाला | मंगळवार, रात्री ८:१०

भुसावळहून लिहितोय. ३४ वर्ष रेल्वेची गाडी चालवली, त्यातली निम्मी रात्रपाळी. मी गोळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आहे म्हणून सांगतो.

ड्युटीवर असताना गोळीला हात लावता येत नव्हता, ते बरंच होतं. रिटायर झालो आणि रात्री टक्क डोळे उघडे. शेजाऱ्याने अर्धी अल्प्राझोलाम दिली, काय झोप लागली, लहान मुलासारखी. मग अर्धीची एक, एकाची दोन, ओळखीचा मेडिकलवाला होता त्यामुळे चिठ्ठी बिठ्ठी काही नाही. सहा वर्ष. मग तो मेडिकलवाला दुकान विकून पोराकडे सुरतला गेला आणि नवीन मालकाने सांगितलं चिठ्ठी आणा. म्हटलं ठीक, बंदच करतो. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात असे थरथरायला लागले की चहाचा कप बशीवर वाजायचा, चौथ्या दिवशी बायकोने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर जे ओरडले ते अजून आठवतं. म्हणे एकदम बंद केली म्हणून फिट येऊ शकली असती. मग पाव पाव कमी करत सात महिने लागले सुटायला.

म्हणून तालुक्याच्या त्या एमडीचा मला फार राग येत नाही. त्यांनी माझ्यासारखे शंभर पाहिले असतील. पण मान वर करून बघायला काय जात होतं हेही खरं.

---

सातपुडा_ओपीडी | मंगळवार, रात्री ११:५५

मी चोपड्याकडे प्रॅक्टिस करतो, एमबीबीएस. ओपीडी आत्ता आवरली. धागा सकाळीच वाचला होता पण दोन ओळीत लिहिण्यासारखं नव्हतं.

खरं सांगू का, मीही लिहून दिली नसती. निदान पहिल्या भेटीत नाही. रोज दोनचार जण "ती झोपेची बारकी गोळी द्या" म्हणून येतात, त्यातला निम्मा माझा पेशंटही नसतो. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी दिली आणि तो रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडला, खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळं घराला भोगावं लागतं. म्हणून हात आखडतो, त्यात अपमान करायचा हेतू नसतो. पण मोबाइल कमी करा हे उत्तर मात्र चुकलंच, पुण्याच्या कागदावर निदान लिहिलेलं असताना.

बोरीकाठचा, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पडल्या पडल्या घोरतात. हे पुण्यात सांगितलं होतं का? झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर त्यातही माणूस दचकून हातपाय झाडतो, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि त्यात क्लोनाझेपाम दिली तर श्वास आणखी अडकू शकतो. स्लीप स्टडी सांगितली ती उगाच नाही. घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतात आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेतात का, हे आज रात्री बघा. जमलं तर व्हिडिओ काढा, लाथांचाही काढा. माझ्यासमोर कोणी असा व्हिडिओ ठेवला तर दहा मिनिटांचं बोलणं वाचतं.

दुसरं, आप्पांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा. पट्टी हातात घेऊन, मागचं बारीक अक्षर वाचून. सगळ्या म्हणजे सगळ्या.

---

बोरीकाठचा | बुधवार, सकाळी ९:१०

धन्यवाद डॉक्टरसाहेब. घोरण्याचं पुण्यात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, म्हटलं घोरणं हा काय आजार आहे का, आमच्याकडे सगळेच घोरतात.

गोळ्या: शुगरची मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ॲसिडिटीची एक. आणि पायाला मुंग्या येतात, आग होते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दिलेली एक, गेल्या दिवाळीपासून, तिच्या मागे लिहिलंय प्रिगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन. ही पट्टी आप्पा उशाखाली ठेवतात, म्हणून पुण्याला नेलेल्या पिशवीत नव्हती.

---

सातपुडा_ओपीडी | बुधवार, दुपारी १:२०

बरं झालं विचारलं. नॉरट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्याचं जुनं औषध, नसांच्या दुखण्यालाही चालतं, शुगरवाल्यांना आपल्याकडे सर्रास देतात आणि त्यांना त्याचा फायदाही होतो. पण त्या गटातली औषधं हा झोपेतला प्रकार सुरू करू शकतात किंवा असलेला वाढवू शकतात. तुमच्याकडे त्रास तीन वर्षांचा आणि गोळी वर्षभराची, म्हणजे मूळ कारण ती नसणार, पण बडबडीवरून लाथांवर गाडी नेमकी कधी आली ते आठवून बघा.

स्वतःहून बंद करू नका. ही पट्टी, पुण्याचा कागद आणि व्हिडिओ घेऊन जळगावला किंवा धुळ्याला फिजिशियनकडे जा, शक्यतो सकाळच्या पहिल्या नंबरात, दुपारी दोनला कोणाचंच डोकं जागेवर नसतं, माझंही. आणि जाताना वाक्य बदला. "झोपेची गोळी लिहून द्या" म्हणू नका. "वडील झोपेत मारतात, आईला टाके पडले" इथून सुरुवात करा.

---

लेक_लेवांची | बुधवार, दुपारी ४:००

मी यावलची, आता नाशिकला असते. माझ्या सासऱ्यांना हेच होतं. गोळीच्या आधी जे केलं ते सांगते, पैसा लागत नाही. पलंग काढून गादी खाली घातली. भिंतीकडच्या बाजूला जुन्या गोधड्यांची घडी लावली. काचेचा तांब्या, खुंटीवरचा विळा, टेबलफॅन सगळं खोलीबाहेर. सासूबाई दुसऱ्या खोलीत, त्यावरून त्या महिनाभर रुसल्या, लोक काय म्हणतील म्हणून, पण करवून घेतलं.

आणि मनोविकारतज्ज्ञांबद्दल एवढं वाईट वाटून घेऊ नका हो. आमचं निदान नाशिकच्या सायकियाट्रिस्ट बाईंनीच केलं होतं, झोपेचं त्यांना चांगलं कळतं, आणि ही औषधं त्यांच्या रोजच्या हाताखालची, घाबरत नाहीत आणि उधळतही नाहीत.

---

गुगलबाबा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

सॉरी पण कोणीच सांगत नाहीये म्हणून सांगतो, मी वाचलं की या आजाराच्या बऱ्याच लोकांना पुढे पार्किन्सन्स होतो. १९८६ मध्ये अमेरिकेत हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला आणि नंतर त्याच पेशंटांना

---

गुगलबाबा | बुधवार, संध्याकाळी ६:३१

अर्धवट गेलं. त्याच पेशंटांवर पुढची वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा हे कळलं.

---

बोरीकाठचा | बुधवार, रात्री १०:४५

माहीत आहे भाऊ. पुण्याच्या डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बसवून मला सांगितलं, की ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सचीच, फार आधीची खूण असू शकते, होईलच असं नाही, वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. त्यांनी विचारलं वास नीट येतो का, वास कमी होणं हीही तशीच खूण. मी म्हटलं हो. घरी आल्यावर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आठवली. वावरात भरीत होतं, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होतो, धूर आणि वास सगळ्या शिवारात, आणि आप्पा शेजारीच पाठ करून बसलेले, म्हणाले, "वांगा कवय टाकशात?" म्हणजे वांगी कधी टाकणार. आम्हाला वाटलं गंमत करताहेत.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. घरातलं कोणी हा धागा वाचत नाही म्हणून इथे लिहिलं.

---

निवृत्त_लोकोवाला | बुधवार, रात्री ११:००

काळजी घ्या. काही लागलं तर भुसावळ-जळगावात मी आहे, दवाखान्यात सोबत यायला रिकामाच असतो.

---

बोरीकाठचा | पुढच्या सोमवारी, रात्री ९:३०

अपडेट देतो, लोकं विचारताहेत.

शनिवारी जळगावला गेलो, लोकोवाले काका खरंच स्टेशनवर येऊन उभे होते, पुढचा दवाखाना त्यांनीच शोधून ठेवलेला. नंबर दुसरा. मी आत गेल्या गेल्या व्हिडिओ लावला. गुरुवारी पहाटे पावणेचारला काढलेला, ४० सेकंदांचा. डॉक्टरांनी दोनदा बघितला, दुसऱ्यांदा आवाज मोठा करून. मग पुण्याचा कागद वाचला, मग उशाखालची पट्टी उलटी करून वाचली. आप्पांना तपासलं, बोटं उघडझाप करायला लावली, खोलीत चालायला लावलं, मान मोजली टेपने! मग आईला आत बोलावून विचारलं घोरताना श्वास थांबतो का. आई म्हणाली, थांबते ना, मी मोजते कधी कधी, दहापर्यंत जाते. आता बघा, ४२ वर्ष शेजारी झोपणाऱ्या बाईला हे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, मीसुद्धा नाही.

आणि क्लोनाझेपाम त्यांनी दिलीच नाही. हो. एवढं सगळं करून नाहीच म्हणाले. नसांच्या गोळीतलं नॉरट्रिप्टिलिन टप्प्याटप्प्याने काढणार, मुंग्यांसाठी नुसती प्रिगॅबालिन ठेवली, तीही कमी डोसची. रात्री मेलाटोनिन (शरीरात बनतं त्याच झोपेच्या हार्मोनची गोळी) ३ मिलिग्रॅम, गरज पडली तर वाढवू म्हणाले. स्लीप स्टडी नाशिकला, पुढच्या महिन्याची ९ तारीख मिळालीय, एक रात्र अंगाला वायरी लावून झोपायचं. श्वासाचं काही निघालं नाही तर क्लोनाझेपाम मी स्वतः लिहीन, तीन महिन्यांची, रिपीट टाकून, असं कागदावर लिहून सही करून दिलंय. शटर_अर्धं, तो कागद तुम्हाला व्यनि करतो, चालेल का सांगा.

मी बाहेर आलो तर मला राग यायला हवा होता, आला नाही. तालुक्याचे डॉक्टरही नाहीच म्हणाले होते, हेही नाहीच म्हणाले, पण यांनी वीस मिनिटं घेतली नाही म्हणायला.

घरी गादी खाली घातली. आई ओसरीवर झोपते, रुसली आहे.

---

सातपुडा_ओपीडी | पुढच्या सोमवारी, रात्री ११:३०

छान. त्यांचं बरोबर आहे. नाशिकला जाताना घरची उशी न्या, तिथल्या उशीवर झोप येत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते.

---

शटर_अर्धं | मंगळवार, सकाळी १०:००

कागद बघितला. आत्ताचा दुकानात चालणार नाही, ते गोळ्या लिहून देतील तो कागद लागेल. पण जपून ठेवा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, पिशवीत चुरगाळू नका.

---

भरीतपुरी | मंगळवार, सकाळी १०:२०

लाथा कमी झाल्या का पण?

---

बोरीकाठचा | रविवार, रात्री ८:१५

आठ दिवसांत एकदाच. तेही नुसतं ओरडले, पाय हलला नाही. गोळी बदलल्याने की मेलाटोनिनने की योगायोग, डॉक्टर म्हणतात इतक्यात सांगता येणार नाही.

आज आप्पांनी तो व्हिडिओ बघायला मागितला. मी टाळत होतो, पण शालकाने फोनवर सांगून टाकलं होतं असा व्हिडिओ आहे म्हणून. चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून पूर्ण बघितला. मग आईकडे बघितलं, तिच्या मनगटाकडे. मग परत पहिल्यापासून लावायला सांगितला आणि म्हणाले,

"यामा डुक्कर ते दिसतच नही!"